करदाता कोण आणि शाळा कोणाची?

अर्थसंकल्पाचा हंगाम आला की एक वाक्य ठरल्याप्रमाणे कानावर येते : 'करदात्यांचा पैसा या ओस शाळांवर आणखी किती दिवस उधळायचा?' महापालिकेत ते ऐकू येते, जिल्हा परिषदेच्या सभेत ऐकू येते, वर्तमानपत्रांच्या वाचकपत्रांत छापून येते. आता तर लोकलच्या डब्यात आणि सॉर्टिंगच्या टेबलावर आपल्याच सहकाऱ्यांच्या तोंडून ते ऐकायला मिळते. वाक्य दिसायला साधे आहे. त्यात काटकसर आहे, हिशेबीपणा आहे आणि घामाच्या पैशाची कदर आहे, असा भास होतो. म्हणूनच ते तपासून घेतले पाहिजे. करदाता म्हणजे कोण आणि ज्या शाळेवर कुऱ्हाड चालवायची ती कोणाची, हे दोन प्रश्न आम्ही आज सभासदांसमोर ठेवत आहोत.

कर कोण भरतो?

आपल्याकडे 'करदाता' म्हटले की डोळ्यांसमोर प्राप्तिकर भरणारा माणूस येतो. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर प्राप्तिकर लागत नाही. आपल्यातले असंख्य ट्रॅकमन, पॉइंट्समन, पोस्टमन आणि एमटीएस बंधुभगिनी त्यामुळे या व्याख्येतून बाहेर पडले. मग ते करदाते उरले नाहीत काय? त्यांच्या मुलांच्या शाळेबद्दल बोलण्याचा त्यांचा हक्क संपला काय?

सकाळी दात घासायला घेतलेल्या पेस्टपासून रात्रीच्या बल्बपर्यंत प्रत्येक वस्तूवर हा माणूस कर भरतो. २२ सप्टेंबर २०२५ रोजी वह्या आणि पेन्सिली जीएसटीतून मुक्त झाल्या. त्या दिवसापर्यंत त्यांवर १२ टक्के कर होता. म्हणजे पोराला शाळेत घालताना पालक आधी सरकारी तिजोरीत भर घालत होता आणि मगच पोराच्या हाती पाटी-पेन्सिल देत होता. महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या आपल्या बहुतेक सभासदांच्या पगारातून वर्षाला २,५०० रुपये व्यवसायकर कापला जातो. आणि मालमत्ता कराचे बिल ज्यांच्या घरी येते त्यांनी ते एकदा उजेडात धरून वाचावे. मुंबईसारख्या शहराच्या बिलात 'महानगरपालिका शिक्षण उपकर' आणि 'राज्य शिक्षण उपकर' अशा दोन वेगळ्या ओळी असतात. राज्याचा हा उपकर १९६२ च्या कायद्याने आला. जो भाड्याच्या खोलीत राहतो त्याच्या नावाने बिल येत नाही, पण घरमालक ती रक्कम भाड्यात धरल्याशिवाय राहत नाही. तेव्हा 'तुम्ही कर भरत नाही, तुम्ही बोलू नका' असे सांगणाऱ्याला आपले उत्तर स्वच्छ आहे : आम्ही कर भरतो, तोही शाळेच्या नावाने भरतो, आणि अनेक वर्षे भरतो आहोत.

हा वाद नवा नाही

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले, ते व्यापारी, शेतकरी आणि पुणे नगरपालिकेचे सभासद या नात्याने. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचे तर एका स्थानिक करदात्याने आणि लोकप्रतिनिधीने केलेली ती मांडणी होती. तिचा गाभा असा : सरकारचा महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो. लोकल फंडाचा, म्हणजे स्थानिक उपकराचा, निम्मा हिस्सा केवळ प्राथमिक शिक्षणासाठी राखून ठेवा, नगरपालिकांवर त्यांच्या हद्दीतल्या प्राथमिक शाळा चालवण्याचे कायदेशीर बंधन घाला आणि वरून सरकारी अनुदान द्या, अशी त्यांची मागणी होती. गिरणी कामगारांना संघटित करणारे नारायण मेघाजी लोखंडे हे त्याच सत्यशोधक परंपरेतले. कामगार चळवळ आणि सार्वजनिक शाळा यांचे नाते या मातीत इतके जुने आहे.

नामदार गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, उरलेला स्थानिक संस्थांनी उपकर बसवून उभा करावा, अशी त्यात योजना होती. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. कारण काय दिले? पैसा नाही! बड्या जमीनदारांना तर दुसरीच चिंता होती. सगळी पोरे शाळेत गेली तर शेतात राबायचे कोणी? याच काळात, १९१७ मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. जे अफाट साम्राज्याला परवडत नव्हते ते एका संस्थानाला परवडले. याचा अर्थ प्रश्न तिजोरीच्या आकाराचा नव्हता, तिजोरीची चावी कोणाच्या हाती आहे याचा होता.

१९१८ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण लागू करण्याची मुभा मिळाली. तेव्हा पुण्यात काय घडले तेही आठवावे. पैसा अपुरा आहे, तेव्हा सक्ती आधी मुलांनाच लागू करू, मुलींचे पुढे पाहू, असा युक्तिवाद तिथे झाला. त्याविरुद्ध रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्याच्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. विठ्ठल रामजी शिंदे मुलींच्या बाजूने उभे राहिले. पैशाची अडचण निघाली की कात्री प्रथम कोणावर चालते, हे त्या वादाने दाखवून दिले.

आणि १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात सरकारचा हिशेब सरकारलाच वाचून दाखवला. शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च होतात आणि अबकारी करापोटी लोकांकडून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल होतात, तेव्हा निदान जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, असे त्यांनी बजावले. करदात्याच्या पैशाचा वाद घालायचा तर तो असा घालायचा असतो.

शाळेच्या नावाने जमवलेले पैसे

आता आजच्या हिशेबाकडे येऊ. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी असे सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही पुन्हा तोच ६ टक्क्यांचा आकडा लिहिला. मधल्या काळात सरकारे आली आणि गेली, परंतु तो आकडा एकदाही गाठला गेला नाही.

पैसा जमलाच नाही, असे मात्र नाही. २००४ मध्ये केंद्राने करांवर २ टक्के शिक्षण उपकर बसवला. २००७ मध्ये माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी १ टक्का आला. २०१८ पासून प्राप्तिकरावर आरोग्य आणि शिक्षण मिळून ४ टक्के उपकर आहे. आपल्यापैकी ज्यांचा प्राप्तिकर कापला जातो त्यांच्या फॉर्म १६ मध्ये त्याची वेगळी ओळ असते. या पैशाचे काय झाले? माध्यमिक व उच्च शिक्षणाच्या उपकरातून २०१६-१७ पर्यंत ८३,४९७ कोटी रुपये जमले, परंतु ते ज्यात जमा व्हायचे तो स्वतंत्र कोशच उभारला गेला नव्हता, असे कॅगने दाखवून दिले. त्या कोशाला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती ऑगस्ट २०१७ मध्ये, म्हणजे उपकर सुरू होऊन दहा वर्षे झाल्यावर!

आणखी एक गोष्ट सभासदांनी ध्यानात घ्यावी. करांमध्ये राज्यांना हक्काचा वाटा मिळतो, उपकरात तो मिळत नाही. केंद्राच्या योजनांतून काही रक्कम खाली येते, पण ती योजनेच्या अटींवर येते. शाळा चालवायची राज्याने, जिल्हा परिषदेने आणि महापालिकेने, आणि शाळेच्या नावाने गोळा झालेला उपकर राहायचा दिल्लीत, अशी ही व्यवस्था आहे. मग राज्य म्हणते पैसा नाही, जिल्हा परिषद म्हणते अनुदान नाही आणि शेवटी गावातल्या करदात्याला सांगितले जाते की तुमच्या शाळेचा खर्च जड झाला.

ओस शाळा ओस कशी पडते?

ही रीत आपल्याला कोणी शिकवायला नको. टपाल खात्यातल्या माणसाने ती डोळ्यांनी पाहिली आहे. आधी रिक्त जागा भरायच्या नाहीत. एका माणसावर तीन बीटचे काम टाकायचे. टपाल उशिरा पोचू लागले की लोक कुरिअरकडे वळतात. मग काउंटरवरची गर्दी मोजायची आणि म्हणायचे, हे ऑफिस तोट्यात आहे. रेल्वेत लहान स्थानकांचे तेच होते. गाडीचा थांबा काढायचा आणि मग तिकीटविक्री घटली म्हणून कर्मचारी काढायचे.

शाळेचेही तसेच आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. वर्ग चार किंवा पाच, शिक्षक दोन. त्यांतला एक निवडणुकीच्या कामाला, सर्वेक्षणाला किंवा तालुक्याच्या बैठकीला गेला की उरला एक. त्याने पहिलीला मुळाक्षरे शिकवायची, चौथीला अपूर्णांक शिकवायचे, पोषण आहाराची नोंद ठेवायची आणि माहितीही भरून पाठवायची. शिक्षक नेमायचा तोही आधी शिक्षणसेवक म्हणून. प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाला २०२२ पर्यंत महिना ६ हजार रुपये मिळत होते, २०२३ पासून ते १६ हजार झाले. अशा शाळेतून जो पालक पोटाला चिमटा काढून मुलाला बाहेर काढू शकतो तो काढतो. पट घसरतो. मग अधिकारी शिक्षकाच्या पगाराला उरलेल्या मुलांच्या संख्येने भागतात आणि 'एका मुलामागे इतका खर्च' असा आकडा काढतात. भागाकार बरोबर असतो, पण भाजक कसा घटला हे त्या कागदावर लिहिलेले नसते.

या भागाकाराच्या आधारे देशभर शाळा आवळल्या जात आहेत. राजस्थानात २०१४ मध्ये सुमारे १७ हजार शाळा एकमेकींत विलीन केल्या गेल्या. महाराष्ट्रात २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. २०२२ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली गेली आणि २०२३ मध्ये 'समूह शाळा' हा नवा शब्द आला. उत्तर प्रदेशात २०२५ मध्ये पन्नासपेक्षा कमी पटाच्या शाळा जोडण्याचा आदेश निघाला. तिथे पालक न्यायालयात गेले, विरोध वाढला, तेव्हा एक किलोमीटरहून दूरच्या शाळा जोडणार नाही असे सरकारला जाहीर करावे लागले. लोक उठले की फरक पडतो, हा त्यातला धडा.

एक किलोमीटर हा आकडा कायद्यातून आला आहे. पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे शिक्षण हक्काचे नियम सांगतात. हे अंतर कागदावर किरकोळ वाटते. ओढा, घाट, हायवे आणि पावसाळा ओलांडून जाणाऱ्या सात वर्षांच्या मुलीला ते किरकोळ नसते. शाळा दूर गेली की मुलगा कसाबसा जातो, मुलगी घरी बसते आणि धाकट्या भावंडांना सांभाळते. पुण्यातला शंभर वर्षांपूर्वीचा वाद इथे पुन्हा आपल्या दारात येऊन उभा राहतो.

आपलाही आरसा पाहू

सरकारला जाब विचारणाऱ्याने स्वतःच्या घराकडेही पाहिले पाहिजे. केंद्रीय कर्मचारी म्हणून आपल्याला मुलांचा शिक्षण भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर तो मुलामागे महिना २,२५० रुपये होता, १ जानेवारी २०२४ पासून तो २,८१२ रुपये ५० पैसे झाला, तोही दोन मुलांपर्यंत. हा भत्ता चळवळीने मिळवला आहे. तो सोडा असे आम्ही कधीही म्हणणार नाही. परंतु तो हाती आल्यावर आपल्यापैकी अनेकांनी महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळेकडे पाठ फिरवली, हेही खरे आहे. आपली मुले तिथून निघाली तेव्हा जाब विचारणारा, सभेत उभा राहून बोलू शकणारा पालक तिथून निघाला. मागे राहिली ती नाका कामगाराची, घरकाम करणाऱ्या बाईची, ऊसतोड कामगाराची आणि त्याच गावात टपाल वाटणाऱ्या ग्रामीण डाक सेवकाची मुले. त्यांच्या आईबापांना सभेला जायचे तर एका दिवसाची मजुरी बुडते.

आणि कुऱ्हाड आपल्या अंगणातही आली आहे. २०२१ मध्ये वित्त मंत्रालयाचे तत्कालीन प्रधान आर्थिक सल्लागार संजीव सन्याल यांच्या अहवालात रेल्वेच्या ९४ शाळांची फेररचना सुचवली गेली. २०१९ च्या आकड्यांनुसार या शाळांत रेल्वे कर्मचाऱ्यांची मुले १५,३९९ आणि बाहेरची मुले ३४,२७७ होती. रेल्वे कर्मचाऱ्यांच्या शाळकरी वयाच्या सुमारे ८ लाख मुलांपैकी दोन टक्केही त्यांत नाहीत, मग रेल्वेने शाळा कशासाठी चालवायच्या, असा तो हिशेब होता. हा आकडा त्यांच्या हाती कोणी दिला? तो आपणच दिला, आपल्या मुलांची नावे काढून दिला. आम्ही मात्र त्याच आकड्यांकडे वेगळ्या नजरेने पाहतो. वसाहतीतल्या या शाळांनी आपल्या मुलांबरोबर भोवतालच्या वस्तीतली दुप्पट मुले शिकवली, ही लाजेची गोष्ट आहे की अभिमानाची?

सार्वजनिक शाळा कशासाठी असते याचे उत्तर कोरोनाच्या काळाने दिले आहे. 'असर'च्या पाहणीनुसार ग्रामीण भागात ६ ते १४ वयाच्या मुलांपैकी सरकारी शाळांत २०१८ मध्ये ६५.६ टक्के मुले होती. २०२२ मध्ये हे प्रमाण ७२.९ टक्क्यांवर गेले. रोजगार गेला, खाजगी शाळेची फी देता येईना, तेव्हा पोराला हाताला धरून लोक कोणाच्या दारात आले? त्याच 'ओस' म्हटल्या जाणाऱ्या शाळेच्या. २०२४ मध्ये हे प्रमाण पुन्हा ६६.८ टक्क्यांवर आले. संकटात लेकरे दारात आली होती, त्यांना टिकवून ठेवता येईल असे शिक्षक आणि अशा खोल्या शाळेला दिल्या गेल्या नाहीत. संकटात माल पोचवणारी रेल्वे आणि संकटात पेन्शन घरपोच करणारा पोस्टमन यांचे कौतुक होते आणि संकट सरले की 'तोटा' मोजला जातो. शाळेच्या वाट्याला तेच आले.

काटकसर हवी, पण कशात?

उधळपट्टीच्या प्रत्येक तक्रारीला आम्ही खोटे म्हणत नाही. गणवेश आणि वह्या शाळा अर्धी संपल्यावर मुलांच्या हाती पडतात, दुरुस्तीचे पैसे खर्ची पडतात आणि छप्पर गळतेच, हे करदात्याला दिसते आणि त्याला राग येतो. तो राग रास्त आहे. सहा मुले आणि एक शिक्षक असलेली शाळा आहे तशीच चालू ठेवणे म्हणजेच न्याय, असेही आमचे म्हणणे नाही. परंतु ठेकेदाराच्या बिलातली गळती थांबवायची की मुलाचा शिक्षक काढायचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्या प्रश्नाचा राग दुसऱ्या प्रश्नावर काढला जातो, इथेच करदात्याची फसगत होते. शाळा एकत्र करायची असेल तर गावाच्या संमतीने, वाहनाची हमी आधी देऊन आणि मुलींची उपस्थिती मोजून करा. हुकूम काढून करू नका.

हा जाब विचारण्याच्या जागा ओस पडल्या आहेत हे अधिक गंभीर आहे. मार्च २०२२ नंतर काही वर्षे मुंबईसह अनेक महापालिकांत निवडून आलेले सभासदच नव्हते. प्रशासकांनी अर्थसंकल्प मांडले आणि प्रशासकांनीच मंजूर केले. करदात्याच्या नावाने कात्री चालवायची आणि करदात्याला सभागृहात जागाच ठेवायची नाही, याला कोणता हिशेब म्हणायचे?

म्हणून आम्ही प्रत्येक शाखेला तीन कामे सांगतो. पहिले, आपल्या गावच्या किंवा प्रभागाच्या शाळा व्यवस्थापन समितीकडे पाहा. कायद्याने तिचे तीनचतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. ती समिती कागदावर आहे की बसते, याची चौकशी करा. जे सभासद पालक आहेत त्यांनी तिच्यात जावे. जे नाहीत त्यांनी समितीतल्या मजूर पालकांना अर्ज लिहून द्यावा, नियम वाचून दाखवावा, त्यांच्याबरोबर पंचायत समितीत जावे. युनियनमध्ये आपण जे शिकलो ते तिथे कामी येईल. दुसरे, अर्थसंकल्पाच्या वेळी ग्रामसभेत आणि प्रभागात दोनच आकडे मागा : शिक्षण उपकरापोटी किती गोळा झाले आणि शिक्षकांच्या किती जागा रिक्त आहेत. तिसरे, महासंघाच्या मागणीपत्रात वेतन आणि पेन्शनबरोबर या मागण्याही असाव्यात, यासाठी शाखेचे ठराव पाठवा : शिक्षण उपकराचा जाहीर हिशेब, त्यात राज्यांना वाटा, शिक्षकांची कायम भरती, आणि रेल्वेच्या शाळा बंद न करता वसाहतीबाहेरच्या मुलांसह चालवण्याची हमी.

आणि ज्यांच्या घराजवळ बरी सरकारी शाळा आहे त्यांनी एकदा तिच्या दारात जाऊन यावे, एवढी विनंतीही आम्ही करतो. तिथे मूल घालायचे की नाही हा प्रत्येकाच्या घरचा निर्णय आहे. पण न पाहताच तिला ओस म्हणणाऱ्यांच्या सुरात आपण सूर मिसळू नये.

बदलीच्या नोकरीत आपण मुलुखभर फिरलो. कुठे लाइनीच्या कडेला, कुठे टेकडीच्या माथ्यावर, दोन खोल्यांची शाळा आणि समोर झेंड्याचा खांब आपण पाहिला आहे. अनेकांचे शिक्षण अशाच शाळेत झाले. खात्याच्या परीक्षेला बसण्यापुरती अक्षरे तिने दिली, म्हणून आज हा अंक आपल्या हातात आहे आणि वाचता येतो आहे. ती शाळा आपल्या आईबापांनी भरलेल्या करातून उभी राहिली होती. त्यांच्यातल्या अनेकांना सही करता येत नव्हती, अंगठा उठवत होते. ते करदाते होते. त्यांच्या पैशाचा हिशेब विचारण्याचा पहिला अधिकार आपला आहे, आणि तो विचारण्याची जबाबदारीही आपलीच आहे.